लेक व्ह्यू आणि आमचं धरण

बाहेर धो धो पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येईल. सांभाळून घ्या. मी गावाकडून रेकॉर्ड करतेय.

गाव म्हणजे मुळशी तालुका. तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या फोनमध्ये या महिन्यात मुळशीचा एक तरी रील येऊन गेला असेल. ढग, हिरवा डोंगर, खाली निळंशार पाणी आणि वर लिहिलेलं 'मुळशी लेक'. गंमत अशी की आमच्याकडे कुणी लेक म्हणत नाही, सगळे 'धरण' म्हणतात. 'धरणाकडं गुरं नेली', 'धरण भरलं का?' असं. कारण ते तळं देवाने केलेलं नाही, आणि हे गावाला चांगलं माहीत आहे.

आधी फिरण्याचं सांगते, नाहीतर तुम्ही भाग पुढे ढकलाल. चांदणी चौकातून निघायचं, भूगाव, भुकूम, पिरंगुट, मग पौड. पौड हे तालुक्याचं ठिकाण. तिथून पुढे रस्ता धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटात जातो आणि कोकणात उतरतो. ताम्हिणीत विंझाई देवीचं देऊळ आहे, गर्दीत लोक ते सोडून जातात, तुम्ही थांबा. ट्रेकवाल्यांसाठी अंधारबन आहे. पिंपरीपासून सुरू होतो, दाट झाडीतून हिर्डीवरून थेट खाली भिऱ्याला. पावसाळ्यात बंदीचा आदेश असेल तर जाऊ नका, प्लीज. दर वर्षी कुणीतरी वाहून जातं आणि शोधायला आमच्याच वाडीतली पोरं दोर घेऊन उतरतात.

आणि खायला? उन्हाळ्यात करवंदं, पावसात भाजलेलं कणीस, आणि एखाद्या घरी आधी सांगून ठेवलंत तर तांदळाची भाकरी. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या बायकांत कातकरी वाड्यांवरच्या कितीतरी जणी असतात. त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

तर अंधारबन. तो ट्रेक जिथे संपतो ते भिरा लक्षात ठेवा, कारण पाणीसुद्धा तिथेच उतरतं. मुळा नदी खरं तर पूर्वेला पुण्याकडे वाहते. तिच्यावर टाटांनी धरण बांधलं आणि पाणी बोगद्यातून, पाइपातून पश्चिमेला, सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली सोडलं. तिथे भिऱ्याचं वीजघर, १९२७ साली सुरू झालेलं. वीज मुंबईला. वापरून झालेलं पाणी कुंडलिका नदीत. कोलाडला सकाळी राफ्टिंग करता ना, लाइफ जॅकेट घालून किंचाळत? तो आमच्या डोंगरावरचा पाऊस आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा थोडं हसू आलं, थोडं पोटात कालवलं.

कारण माझे पणजोबा, म्हणजे आजीचे वडील, त्या पाण्याखालच्या गावातले. अशी पन्नासच्या आसपास गावं होती. आणि पाण्याखाली काय गेलं? डोंगर नाही, खोरं गेलं. म्हणजे सगळ्यात सपाट, सगळ्यात कसदार भातखाचरं. वर उरली ती वरकस जमीन, नाचणी-वरईची.

लोक गप्प बसले नव्हते. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. बायका, पोरं, म्हातारे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबवलं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. लंडन-पॅरिसात राहून बॉम्बची कृती शिकून आलेला माणूस, आणि इथे शेतकऱ्यांसोबत सत्याग्रहाला बसला. 'सेनापती' हे नाव त्यांना इथेच मिळालं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर कॉफी प्यायला जाता ना, तेच. त्यांच्यासोबत विनायकराव भुस्कुटे होते. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर इंग्रजीत जे पुस्तक लिहिलंय, त्याच्या नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

मग हरले का? सरकारकडे भूसंपादनाचा कायदा होता, तुरुंग होता, हे झालंच. पण मला जे जास्त लागतं ते वेगळं आहे. बरीच जमीन कागदावर कसणाऱ्याची नव्हतीच. सावकारांकडे गहाण, किंवा त्यांच्याच नावावर. ज्यांचं नाव कागदावर होतं त्यांना मोबदला परवडत होता, ज्यांचे पाय चिखलात होते त्यांना नाही. आतूनच फूट पडली. १९२४ च्या शेवटी बापटांनी कामावर जाणारी रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा तिथेच विझला.

पणजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. आजी सांगायची, त्यांनी घराचे वासे काढून डोक्यावरून वर आणले होते. पैशांचं काय झालं हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. कुणी म्हणतं बैल घेतले, कुणी म्हणतं सावकाराने वळते करून घेतले. मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा काठाला खाचरांचे बांध दिसतात, शंभर वर्षांनीसुद्धा. आजी त्यांच्याकडे बघून हात जोडायची.

हे सगळं आज का सांगतेय? आमच्याकडे एजंट येऊन गेला. धरणाच्या वरच्या अंगाला आमची दीड एकर वरकस आहे. जी पणजोबांना नाइलाजाने कसावी लागली, तीच आता 'लेक टच'. एका गुंठ्याचा तो जो भाव सांगतो, तो बाबांनी आयुष्यात एकत्र पाहिलेला नाही. बाबा म्हणतात, "पोरी, भात दोन पोती येतं, आणि तू पुण्यात. कसणार कोण?" आणि त्यांचं चुकत नाही. मी हिंजवडीत नोकरी करते. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच आहे. ज्या जमिनीवर माझं ऑफिस उभं आहे, तिथेही कुणाचं तरी शेत होतं. 'मुळशी पॅटर्न' तुम्ही पाहिलाय, जमीन विकून गुंठामंत्री झालेल्यांचं पुढे काय होतं तेही. पण माझ्या काकांचा गुडघा बदलायचाय, सिनेमा काढून तो बदलत नाही.

अडलंय ते सहीवर. २००५ च्या कायद्यानंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचाही हक्क आहे, म्हणून एजंटला माझी सही हवी, आत्यांचीही हवी. त्याने हक्कसोडपत्र तयारच करून आणलं होतं. "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे." मी म्हटलं, वाचून सांगते. तो हसला. बाबाही थोडे हसले, मला ते आवडलं नाही.

आत्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं नाव कागदावर पहिल्यांदाच आलंय, लगेच खोडायला कशाला सांगता?"

मी सध्या मधली वाट शोधतेय. सगळी न विकता काही गुंठेच विकायचे का, उरलेल्यात दोन खोल्या बांधून येणाऱ्यांना जेवण-मुक्काम द्यायचा का. आमच्या शेजारच्या वाडीत एका बाईंनी तसं सुरू केलंय. शनिवार-रविवार भरतो, पावसाळा संपला की ओस. हिशोब अजून जुळत नाहीये, खरं सांगते.

येत्या रविवारी आत्या, बाबा, काका आणि मी मोजणीचा नकाशा घेऊन शेतावर जातोय. त्यानंतर एजंट पुन्हा येणार आहे. काय ठरलं ते पुढच्या भागात सांगेन. तुमच्या घरी अशी सही मागितली गेली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगणार नाही.

पाऊस वाढलाय, थांबते. भेटू.