पडल्यापडल्या डोंगर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चीनमधल्या डोंगरांच्या चित्रांवर बोलणार म्हटल्यावर सूतगिरणीतला माझा एक सहकारी हसला. म्हणाला, "दादा, दुसरा विषय मिळेना काय?" विषय पुष्कळ होते. पण पुढच्या रांगेत आपल्या आजी बसल्यात. त्यांचे गुडघे आता विहाराच्या पायऱ्यासुद्धा चढू देत नाहीत. त्यांच्यासाठी हा विषय घेतला.

इ.स. ३७५ ते ४४३ या काळात चीनमध्ये झोंग बिंग नावाचा माणूस होऊन गेला. भिक्खू नव्हे, तुमच्याआमच्यासारखा संसारी उपासक. लू पर्वतावर हुईयुआन नावाचे थोर भिक्खू राहात, त्यांच्याकडे तो धम्म शिकायला गेला होता. सरकारी नोकरीची बोलावणी आली, ती त्याने नाकारली. (आपल्याला हे परवडलं नसतं. नोकरी नाकारायला घरात दाणे असावे लागतात.) नाद एकच, डोंगर हिंडायचा. बायकोलाही तीच आवड. म्हातारपणी आजारानं हिंडणं बंद झालं, तेव्हा पाहिलेले सगळे डोंगर त्याने आपल्या खोलीत रंगवून काढले आणि अंथरुणावर पडून तो त्यांतून हिंडू लागला. 'पडल्यापडल्या प्रवास' या अर्थाचा शब्दच त्यावरून चिनी भाषेत रूढ झाला. चित्रांसमोर बसून तो तंतुवाद्यही वाजवायचा. कशासाठी? तर रंगवलेल्या डोंगरांतून नाद घुमावा म्हणून!

त्याची चित्रं काळानं नेली. डोंगर कसे रंगवावेत यावरचा त्याचा लहानसा लेख तेवढा उरला. त्यात तो म्हणतो की पातळ रेशमी कापड ताणून लांबच्या पर्वतासमोर धरलं, तर एवढा मोठा पर्वत बोटभर जागेत मावतो. माझं आयुष्य सुतात गेलं, पण कापडातून पलीकडे बघावं असं काही सुचलं नव्हतं.

पुढं शेकडो वर्षं चिनी चित्रकारांनी नामांकित डोंगर-नद्या रंगवल्या. त्यातली लांब चित्रं भिंतीवर टांगत नाहीत, ती गुंडाळून ठेवतात. बघताना उजवीकडून हातभर उलगडायचं, बघून झालेलं गुंडाळायचं, पुढचं उलगडायचं. झाडी येते, मग पाणी, मग पलीकडचा काठ. नजरेनं आपण चालत असतो.

हांगचौ शहराजवळच्या फूचून नदीचं असंच एक चित्र फार गाजलेलं आहे. ते काढणारा हुआंग गोंगवांग (१२६९-१३५४) मूळचा कारकून. साहेबाच्या भानगडीत बिचारा तुरुंगात गेला. नंतर ताओ पंथात शिरला. चित्रकलेकडे तो पन्नाशीच्या सुमारास वळला असं सांगतात. माझ्या वयाच्या मंडळींनी हे जरा ध्यानात घ्यावं. १३४७ साली नदीकाठी त्याने हे चित्र धरलं आणि तीन वर्षांनी, ऐंशी ओलांडल्यावरही, सामानात बरोबर घेऊन हिंडत होता. कागदावर नुसती काळी शाई. चित्र एका मित्रासाठी होतं. मित्राला धास्ती, कुणी लबाडीनं पळवील. म्हणून त्याने चित्रावर आपलं नाव आधीच लिहून घेतलं.

धास्ती खोटी नव्हती. १६५० साली वू होंगयू नावाचा श्रीमंत मालक मरायला टेकला. चित्र आपल्याबरोबर यावं म्हणून त्याने ते जाळायला लावलं! पुतण्यानं आगीतून ओढून काढलं आणि त्याच्या जागी दुसरी गुंडाळी टाकली. पण तोवर सुरुवातीचा भाग जळून चित्राचे दोन तुकडे झाले होते. चित्र त्याने विकत घेतलं असेल, पण नदी काय त्याच्या मालकीची होती? इतरांची वाट जाळायचा हक्क त्याला कुणी दिला?

आज अर्ध्या मीटरचा तुकडा हांगचौच्या संग्रहालयात आहे आणि सहा मीटरहून लांब तुकडा तैवानमध्ये तैपेईला. मधे समुद्र आणि राजकारण. २०११ साली तैपेईत दोन्ही एकत्र मांडले, तेव्हा ते साडेतीनशेहून अधिक वर्षांनी भेटले.

चित्रात होड्यांतले कोळी आहेत, पण तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. त्यांना हुडकून बघा.

मी पुस्तकातल्या चित्राच्या झेरॉक्स काढून, खळीनं चिकटवून दोन बॉबिनांवर गुंडाळून आणल्यात. काळी शाईच असल्यानं झेरॉक्स बरी आलीय. पोरांनो, ओढाताण करू नका, आधी पहिल्या रांगेत द्या.

आजी, उजवीकडून सुरू करा.

जयभीम.