जाळ्याचे राखणदार



23 नोव्हेंबर 2022 रोजी सकाळी दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयातील संगणक ठप्प झाले. रॅन्समवेअरने तेथील माहिती कुलूपबंद करून टाकली होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या रुग्णांची नोंदणी, तपासणीचे अहवाल, देयके हे सारे पुन्हा कागदावर आले आणि ही ओढाताण जवळजवळ दोन आठवडे चालली. पुढे शासनाने संसदेत याचे कारण सांगितले, ते या विद्याशाखेकडे वळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. नेटवर्कची विभागणी योग्य रीतीने झालेली नव्हती. वाड्यातील दालनांना स्वतंत्र कड्या नसल्या की ओसरीवर आलेला चोर थेट माजघरात पोहोचतो. नेटवर्क व सुरक्षा अभियांत्रिकीच्या पदवीधराचे काम या कड्या बसवण्याचे, आणि त्याहूनही अधिक, त्या रात्रंदिवस तपासत राहण्याचे.

या कामाची देशातील प्रमुख ठाणी दिल्लीतच आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र 1976 पासून, तर सायबर संकटांची दखल घेणारी 'सर्ट-इन' ही संस्था 2004 पासून कार्यरत आहे. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत 'सर्ट-इन'ला कळवणे बंधनकारक झाले. सहा तासांत कळवायचे, तर कोणीतरी सतत जागे असलेच पाहिजे! गुरुग्राम आणि नोएडा येथील कंपन्यांतून अशा जागत्या माणसांची गरज असते.

तरीही पहिली नोकरी फारशी झगमगीत नसते, हे आधीच सांगितलेले बरे. सुरक्षा निगराणी केंद्रात पाळीपाळीने बसायचे, पडद्यावर येणाऱ्या असंख्य इशाऱ्यांतून खरा धोका निवडायचा, आणि त्याची नोंद लिहायची. चार-दोन वर्षे हे चिकाटीने केले की फायरवॉल, क्लाउड सुरक्षा, न्यायवैद्यक तपास, लेखापरीक्षण अशा वाटा खुल्या होतात. सरकारी सेवेत जायचे असल्यास 'गेट' परीक्षेचे गुण उपयोगी पडतात. पदवीनंतर सी-डॅकचा या विषयातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही करता येतो.

'तीन महिन्यांत हॅकर व्हा' अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. अप्रामाणिकपणे वा कपटाने, परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कुतूहल म्हणून केलेल्या उद्योगाने उमेदीची वर्षे वाया जातात.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. या क्षेत्रातील अहवाल इंग्रजीतच लिहावे लागतात, हे खरे. परंतु काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, हे नेमके मांडण्याची शिस्त ज्याला मातृभाषेतील निबंधाने लावली, त्याला उरतो तो केवळ शब्दसंग्रहाचा प्रश्न. शिवाय प्रत्येकाने दिल्लीच गाठावी असेही नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये लांबवले. राखणदार घराजवळही हवेच आहेत.

पालकांनी प्रवेशापूर्वी पदवीच्या भारदस्त नावापेक्षा महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहावी. तेथील राउटर आणि स्विच विद्यार्थ्यांच्या हाती येतात की काचेच्या कपाटातच राहतात, हे तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे.