गोधडीतली हवा

वायूतून उष्णता पुढे सरकते, ती रेणूंच्या टकरींतून.
वेगवान रेणू संथ रेणूवर आदळतो. आपली थोडी ऊर्जा त्याला देतो.

हवेत हे वहन फार मंद चालते.
श्रोतेहो, गोधडीची ऊब खरे तर हवेची असते.
थरांत अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही.
स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे.

द्रवात रेणू एकमेकांना खेटून असतात.
म्हणून पाणी हवेच्या २० पटींहून अधिक उष्णता वाहून नेते.
२५ अंशांची हवा सुखद वाटते. तेवढ्याच तापमानाचे पाणी मात्र गार लागते.

सगळे वायू सारखे नसतात.
हायड्रोजनचे रेणू हलके, म्हणून चपळ.
तो हवेच्या सुमारे ७ पट उष्णता वाहतो.
वीज केंद्रांतली अनेक मोठी जनित्रे त्यानेच थंड ठेवतात.

आणि एक नवल.
स्थिर हवा थोडी विरळ केली, तरी दुर्वाहकता फारशी वाढत नाही.
रेणू कमी होतात, पण प्रत्येक रेणू लांब धावतो.
जवळजवळ सगळी हवा काढली, तरच वहन घटते.
शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये दोन भिंतींची बाटली केली.
मधली हवा काढून टाकली.
घरातला थर्मास तिचाच वंशज.