बळ जाडीत नाही, जोडात आहे



"जुनी घरं कशी दणकट! आताची घरं म्हणजे काडेपेट्या," असे आपण पारावर बसून म्हणतो. यात खरे किती, ते बघू या.

३० सप्टेंबर १९९३ चा दिवस. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भागात भूकंप झाला. गावेच्या गावे कोसळली. हजारो माणसे झोपेतच गेली. तिथली पुष्कळ घरे जुनी, माळवदाची. भिंती चांगल्या दोन हात जाड. मग त्या पडल्या कशा?

भिंतीत दगड होता, पण तो मातीत रचलेला. आतला थर निराळा, बाहेरचा निराळा. दोघांना सांधणारे लांब दगड नव्हते. वर माळवदाच्या मातीचे भले मोठे ओझे. जमीन हादरली, तसे थर सुटले. काही घरांत मात्र भिंती पडल्या, तरी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या. का? तर त्या एकमेकींत नीट जोडलेल्या होत्या.

नव्या घरालाही हाच नियम. दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला. दारे-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारा. यात कसूर केली, तर सिमेंटचे घरही दगा देते.

तेव्हा घराचे वय विचारू नका, जोड बघा. त्याच भिंतींच्या आत आपली लेकरं झोपतात.