उतरवलेले वजन टिकवताना

वजन कमी कसे करावे, याविषयीच्या सल्ल्यांना तोटा नाही. कमी केलेले वजन वर्षानुवर्षे कसे टिकवावे याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, आणि वजन उतरवणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण तिथूनच सुरू होते. काट्यावर ठरवलेला आकडा दिसला की आहारतज्ज्ञाकडच्या फेऱ्या थांबतात, सकाळच्या चालण्यात खंड पडू लागतो, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वजन पुन्हा चढले की ‘तोंडावर ताबा राहिला नाही’ असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात. ज्याच्यावर हा ठपका येतो तोही तो निमूटपणे मान्य करतो, ही त्यातली अधिक दुःखाची बाब आहे; कारण गेल्या सुमारे ८० वर्षांतील संशोधन पाहता घटलेले वजन भरून काढण्याची ओढ मनाच्या दुबळेपणातून नव्हे, तर शरीराच्या कार्यपद्धतीतूनच निर्माण होते.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पार पडला. उपासमार झालेल्या युरोपीय जनतेची प्रकृती पुन्हा कशी भरून आणावी, हे समजून घेण्यासाठी अ‍ॅन्सल कीज या शरीरशास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर त्यांचा चयापचय, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवून ती खर्च करण्याची शरीरातील प्रक्रिया, मंदावला, त्यांना सतत थंडी वाजू लागली आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरेना. पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक लवकर भागली नाही. हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे त्यांचा अनुभव लठ्ठ व्यक्तीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही वजन घटले की शरीर खर्च आवरते आणि भूक वाढवते, हे सूत्र त्यातून स्पष्ट झाले.

या सूत्रामागील रासायनिक यंत्रणा उलगडण्यास पुढे अर्धे शतक लागले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकाचा शोध लावला. संप्रेरक म्हणजे रक्तावाटे एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारे द्रव्य, आणि लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघून शिल्लक चरबी किती आहे याची वर्दी मेंदूला देते. जठरातून स्रवणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडले. वजन उतरते तेव्हा लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. ही अवस्था चार दिवसांत सरत नाही, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने दाखवून दिले: ५० जणांना १० आठवडे अत्यल्प आहार दिल्यानंतर त्यांच्या भुकेशी निगडित संप्रेरकांमध्ये जे बदल झाले, ते वर्ष उलटल्यानंतरही बऱ्याच अंशी कायम होते आणि त्यांची भूकही पूर्वीपेक्षा अधिकच होती.

या बदलांचा अंदाज आकड्यांतही मांडता येतो. संशोधकांच्या गणितानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च सुमारे २० ते ३० कॅलरींनी उतरतो, तर खाण्याची ओढ सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे ज्या व्यक्तीने ८ किलो वजन उतरवले, तिला पूर्वीपेक्षा रोज साधारण २०० कॅलरी कमी लागतात आणि त्याच वेळी पूर्वीपेक्षा ८०० कॅलरी अधिक खाव्यात अशी ओढ तिचे शरीर लावत राहते. ‘आता वजन उतरले, तेव्हा पूर्वीसारखे जेवायला हरकत नाही’ ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. पूर्वीचे जेवण पूर्वीच्या वजनाला पुरणारे होते.

असे असूनही वजन टिकवणारी माणसे आहेत, आणि ती कशी वागतात याची पद्धतशीर नोंद ठेवली गेली आहे. रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी १९९४ मध्ये अमेरिकेत अशा व्यक्तींची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली; किमान १३.६ किलो वजन उतरवून ते निदान वर्षभर टिकवलेल्या प्रौढालाच तीत प्रवेश मिळतो, आणि अशा १० हजारांहून अधिक व्यक्ती तीत नोंदवल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, सुमारे तीन चतुर्थांश जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, आणि सुट्टीच्या दिवशीही आहाराची घडी न मोडणाऱ्यांना वजन राखणे सोपे जाते असे आढळले आहे. स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्यांच्या माहितीवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे खरे. पण दोन ते पाच वर्षे वजन राखता आले की पुढे ते टिकण्याची शक्यता बरीच वाढते, हा या नोंदवहीतून निघालेला निष्कर्ष मोठा धीर देणारा आहे.

विंग यांनीच ऱ्होड आयलंड राज्यात ३१४ जणांवर केलेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. सहभागींपैकी मार्गदर्शन मिळणाऱ्या गटांना रोज वजन करण्यास सांगितले गेले आणि वाढीचे तीन पट्टे आखून दिले गेले: प्रयोगाच्या सुरुवातीच्या वजनापेक्षा सुमारे दीड किलोच्या आत असणे हा हिरवा पट्टा, त्यापुढची वाढ पिवळा आणि २.३ किलो किंवा अधिक वाढ हा लाल. पिवळ्या पट्ट्यात आहार-व्यायामाकडे नव्याने लक्ष द्यायचे, लाल पट्ट्यात वजन उतरवण्याचा कार्यक्रम पुन्हा हाती घ्यायचा, असा नियम होता. दीड वर्षाच्या अखेरीस केवळ माहितीपत्रके मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांच्या वजनात २.३ किलो वा अधिक वाढ झाली, तर समोरासमोर बैठकांना येणाऱ्या गटात हे प्रमाण ४६ टक्के राहिले. काट्यावरचा आकडा नुसता पाहण्यापेक्षा, तो किती वाढला की काय करायचे हे आधीच ठरलेले असणे आणि त्यासाठी माणसांची सोबत असणे, यांना अधिक मोल आहे.

महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात काढलेला वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असण्याकडे कल असल्यामुळे, उपासतापासाने स्नायूही झिजवून उतरवलेले आणि पुढे चरबीच्या रूपाने परतलेले वजन येथे अधिक बाधक ठरू शकते. म्हणून वजनाच्या जोडीने कंबरेचा घेर मोजावा, तो पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, आणि चालण्याबरोबर स्नायूंना ताण देणारा व्यायामही करावा.

स्वयंपाकघरातही याच दिशेने बदल करावा लागतो. फोडणीच्या एका मोठ्या चमच्यातील तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. त्यामुळे तेल बरणीतून थेट कढईत न ओतता चमच्याने मोजून घातले, तर वर काढलेल्या २०० कॅलरींच्या तफावतीतील मोठा वाटा कोणालाही उपाशी न ठेवता भरून निघतो. दुसऱ्यांदा भात वाढून घेण्याऐवजी मटकीची उसळ, पिठले, ताक किंवा चालत असल्यास मासे-अंडी यांचे प्रमाण वाढवल्यास प्रथिनांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते. पंगतीतला आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग मानला जातो; परंतु ‘एका पुरणपोळीने काय होतंय?’ असे म्हणणाऱ्यांनी, समोरच्याची भूक मुळातच वाढलेली आहे हे ध्यानी घेऊन पहिल्या नकाराला मान देणे, हेही प्रेमच आहे.

भारतात आता उपलब्ध असलेल्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांच्या बाबतीतही शरीराची वजन भरून काढण्याची हीच ओढ दिसते. सेमाग्लुटाइड हे भूक शमवणारे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढला तर कोणी रुग्णाला दोष देत नाही. तोच समंजसपणा येथेही दाखवायला हवा, आणि औषध सुरू करण्यापूर्वीच ते किती काळ चालेल याची स्पष्ट चर्चा डॉक्टरांशी व्हायला हवी.

तेव्हा वजन उतरवण्याचा संकल्प करताना त्याची मुदत ठरवलेल्या आकड्यापाशी संपवू नये. त्यापुढची निदान दोन वर्षे त्याच योजनेत धरावीत आणि डॉक्टर, आहारतज्ज्ञ व घरातील मंडळी यांनीही तेवढा काळ साथ देण्याची तयारी ठेवावी. थोडे वजन परत आले म्हणून केलेले कष्ट वाया जात नाहीत, कारण मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट जरी टिकली तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर तिचा हितकारक परिणाम होतो. दोन किलो वाढल्यावर लाजेने काटा दूर न सारता त्याच आठवड्यात उपाय सुरू करणाऱ्या माणसाचे वजन टिकण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याची ती लाज दूर करणे हे त्याच्या भोवतीच्या सर्वांचे काम आहे.