खेळाडू ते गुरू : रमाकांत आचरेकर



ज्याने मैदानावर स्वतः मोठा पराक्रम केला, तोच उत्तम खेळाडू घडवू शकतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. या समजामुळे पुष्कळ प्राथमिक शिक्षक खेळाच्या तासाला बिचकतात. जो खेळ आपल्याला नीट साधला नाही तो मुलांना कसा शिकवावा, ही त्यांची शंका प्रामाणिक असते. परंतु क्रीडेचा इतिहास तिला निराळेच उत्तर देतो.

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्मास आला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे थंडीमुळे मैदानी खेळ बंद पडले होते. तेव्हा जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, १३ नियम लिहिले आणि वर्गातील १८ विद्यार्थ्यांना खेळावयास लावले. पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे ते मार्गदर्शक झाले. त्यांच्या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. हा हिशेब तोट्याचा दिसतो. पण त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉरेस्ट अ‍ॅलन त्याच विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळावे म्हणून झटले.

महाराष्ट्रात याच तत्त्वाचा प्रत्यय क्रिकेटमध्ये आला. रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म १९३२ साली मालवणचा. ते स्टेट बँकेत नोकरीस होते. १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद्-दौला स्पर्धेत ते बँकेच्या संघाकडून खेळले. प्रथम श्रेणीचा तेवढा एकच सामना त्यांच्या नावावर आहे. खेळाडू म्हणून त्यांची कहाणी येथेच संपली असती. परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांनी मुलांना शिकविण्याचे व्रत घेतले, आणि बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, अजित आगरकर अशी शिष्यांची मालिकाच उभी राहिली.

त्यांची शिकविण्याची रीत साधी होती. नुसत्या सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यात मूल अधिक शिकते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून लहानग्या सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. सराव संपत आला की ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे, कोणीच बाद न केल्यास फलंदाजाचे. सचिनने अशी १३ नाणी जपून ठेवली. एकदा स्वतःचा सामना सोडून तो मोठ्या मुलांचा सामना पाहावयास गेला, तेव्हा गुरुजींनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसू नये, लोकांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळावे, हा त्या बोलण्याचा आशय होता.

शिष्य आत्मसंतुष्ट होऊ नये म्हणून सर कधी 'छान खेळलास' असे म्हणाले नाहीत, हे सचिनने २०१३ साली निवृत्तीच्या भाषणात सांगितले. प्राथमिक वर्गातील कोवळ्या मुलास मात्र शाबासकी हवीच. थोरांची रीत घ्यावी, पण वय पाहून घ्यावी.

आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची खरी मिळकत मात्र पुढच्या पिढीत दिसते. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ मध्ये, तर मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये रणजी करंडक जिंकला. शिष्य स्वतः गुरू झाला, की विद्या एका माणसापुरती उरत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरच्या शाळांनी यातून काय घ्यावे? खो-खो आणि लंगडी यांना सपाट जागा व चुन्याची फक्की पुरते. प्रत्येक मुलामुलीस खेळण्याची पाळी मिळते की नाही, याची नोंद ठेवावी. चपळ मुले आपोआप पुढे येतात. कडेला उभे राहणारे मूल शिक्षकाच्या नजरेनेच आत येते. ती नजर असण्यास पदकाची अट नाही. नियमित वेळ, बारकाईचे निरीक्षण आणि मुलाविषयीची आस्था एवढी सामग्री प्रत्येक शिक्षकापाशी आहे.