आवाजाची मूळ प्रत

गेल्या श्रावणात एका शिक्षकमित्राचा मला फोन आला. दोनशिक्षकी शाळेत तो शिकवतो. शाळेजवळच्या वाडीत एक आजी आहेत. जात्यावरच्या ओव्या त्यांना मुखोद्गत. मित्राने त्या आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, पेनड्राइव्हवर घेतल्या आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या स्पीकरला पेनड्राइव्ह लावला. आजी ठेवणीतले लुगडे नेसून पुढेच बसलेल्या. स्पीकरचा दिवा लागला, आणि पुढे काहीच नाही. त्याच पेनड्राइव्हवरची देशभक्तीची गाणी मात्र यंत्र बिनतक्रार वाजवीत होते.

"स्पीकर बिघडला म्हणावा तर गाणी वाजतायत," मित्र म्हणाला, "आणि फाईल बिघडली म्हणावी तर मोबाइलवर खणखणीत ऐकू येतेय. मग घोडं पेंड कुठं खातंय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आज थोडे सविस्तर द्यावे म्हणतो; कारण अशी फजिती आता गावोगाव होते.

मोबाइल आवाज साठवतो तो आकड्यांच्या रूपात. हवेतली कंपने तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो. सीडीच्या मापाने बोलायचे तर एका सेकंदात ४४,१०० वेळा, आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंना. हे सगळे आकडे जसेच्या तसे ठेवले तर एका मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. अशी बिनकाटछाटीची फाईल म्हणजे बहुधा 'वेव्ह'. पण एवढी जागा आणि एवढा पैसा सगळ्यांपाशी कुठला? म्हणून आकडे आवळून ठेवण्याच्या निरनिराळ्या रीती निघाल्या. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा ज्यात मोठा वाटा, ती 'एमपी-थ्री' १९९० नंतरच्या दशकात आली; तिच्या फाईलींना हे आखूड नाव १९९५ साली मिळाले. पुढे 'एएसी' आली. मोबाइलवरच्या 'एम-फोर-ए' फाईलीत बहुधा तीच असते. २०१२ साली 'ओपस' आली. व्हॉट्सॲपवर आपण बोलून जो निरोप धाडतो तो ह्या ओपसमध्ये असतो.

एमपी-थ्री सर्वांत जुनी, म्हणून सर्वांत ओळखीची. स्वस्तातला स्पीकरही ती वाजवतो. एम-फोर-ए किंवा ओपस मात्र त्याला शिकवलेलीच नसते. मोडी न येणाऱ्यापुढे मोडी कागद ठेवावा, तसे होते. कागदात दोष नाही आणि माणसातही नाही.

मित्राला कोणीतरी सांगितले, फाईलीच्या नावाचे शेपूट बदल, 'एम-फोर-ए' खोडून 'एमपी-थ्री' लिही. त्याने लिहिले. मिठाच्या बरणीवर साखरेची चिठ्ठी डकवली म्हणून चहा गोड होत नाही! स्पीकर गप्पच राहिला. नाव बदलणे वेगळे आणि रूपांतर वेगळे. रूपांतरात जुनी फाईल उलगडून सगळे आकडे बाहेर काढावे लागतात आणि नव्या रीतीने पुन्हा बांधावे लागतात. हे काम संगणकावरचा 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चांगले करतो. फाईल उघडायची आणि एमपी-थ्री म्हणून बाहेर काढायची. एम-फोर-ए उघडताना 'एफएफएमपेग' नावाची पुरवणी त्याला जोडून द्यावी लागते, एवढेच. इंटरनेटवर 'इथे फाईल टाका, बदलून देतो' म्हणणाऱ्याही पुष्कळ जागा आहेत. पण तिथे आपला आवाज परक्याच्या संगणकावर जातो. घरच्या माणसाचे बोलणे असे कोणाच्याही हाती देऊ नये.

मित्राने हे सारे केले. ओव्या वाजल्या. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. "काम फत्ते. आता मोबाइलमधली जुनी फाईल पुसून टाकतो, जागा फार खातेय."

मी जवळजवळ ओरडलोच, "पुसू नकोस!"

त्याचे कारण असे. २०११ साली मी माझ्या मावशीच्या ओव्या मुद्रित केल्या. छोटेसे ध्वनिमुद्रण यंत्र होते, फाईल वेव्ह. तासाभराचे ते मुद्रण ३१७ मेगाबाइट भरले. "माझा आवाज डबीत कोंडतोस व्हय रं?" असे म्हणून मावशी मधेच हसली होती, तेही त्यात होते. मला ते मोबाइलच्या लहानशा कार्डात बसवायचे होते. मी त्याची बारीकात बारीक एमपी-थ्री केली. १४ मेगाबाइट झाली. मोठा हुशार समजलो स्वतःला, आणि यंत्रातली मूळ फाईल पुसली.

मावशी गेल्यावर ती १४ मेगाबाइटची फाईल मी चांगल्या स्पीकरवर लावली. शब्द कळत होते. पण जात्याची घरघर पाण्यात बुडवल्यासारखी आणि खुंटा फिरवताना होणारी बांगड्यांची किणकिण पार नाहीशी. मी त्या फाईलीची परत वेव्ह केली. फाईल वीसपटीने फुगली. बांगड्या काही आल्या नाहीत. ताकाचे दूध होत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पण फाईलीच्या बाबतीत ते सुचले नाही.

घडते ते असे. ढोल वाजत असताना शेजारी कोणी कुजबुजले तर आपल्या कानाला ते कळत नाही. एमपी-थ्री अशाच न कळणाऱ्या आवाजांवर कात्री चालवते. जागा पुरेशी दिली तर ही काटछाट सहसा जाणवतही नाही. फार आवळले की कळणारे आवाजही कापले जातात. आणि एका आवळलेल्या फाईलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी केली की दर वेळी कात्री नव्याने चालते.

पोथ्यांचे असेच होई. नकलेवरून नक्कल उतरता उतरता ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. पण नाथांना ताडून पाहायला प्रती तरी होत्या. माझ्यापाशी दुसरी प्रतच नाही.

तेव्हा मित्राला सांगितले ते असे: मोबाइलने जी फाईल पहिल्यांदा केली ती दोन जागी ठेव, एक शाळेच्या संगणकात आणि एक घरी. लागेल ती नक्कल दर वेळी तिच्यावरूनच काढ, नकलेवरून नको. स्पीकरसाठी १२८ किलोबिटची एमपी-थ्री पुष्कळ झाली. मिनिटाला मेगाबाइटभर जागा. आणि पुढच्या वेळी मुद्रण व्हॉट्सॲपच्या निरोपात नको, मोबाइलच्या रेकॉर्डरवर कर. त्यात वेव्हची सोय असली तर उत्तमच.

आपल्याकडे हा ठेवा लहान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर प्रकाशित होत आल्या आहेत. तरीही न मुद्रित झालेल्या किती असतील!

सव्वीस जानेवारीला शाळेत आजींच्या ओव्या पुन्हा लागल्या. आजी शेवटपर्यंत शांत बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, तिसरी ओवी चुकली माझी. पुन्हा घ्या." मित्राने त्याच दिवशी पुन्हा मुद्रण केले. चुकलेली फाईलही त्याने ठेवली आहे.